डबा रोज पोचत होता आणि वजन उतरत होतं: एका घराची केस

ही केस लिहून काढायची म्हटल्यावर आमच्यातल्याच दोघातिघांचं म्हणणं पडलं की त्यात लिहिण्यासारखं काय आहे, आजींची शुगर लो झाली, ॲम्ब्युलन्स आली, चार दिवसांनी घरी आल्या, संपलं. पण शुगर लो का झाली हे विचारत मागे मागे जात गेलं की घरपोच जेवणाचं काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला लागू पडेल असं बरंच काही सापडतं, म्हणून सविस्तर लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, वय-वजनाचे आकडे थोडे हलवलेत पण प्रमाण तेच ठेवलंय.

आधी कामाचं स्वरूप. संस्था ना-नफा तत्त्वावरची, एक मध्यवर्ती किचन, आणि म्हातारपण, अपंगत्व किंवा आजारपणामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा लोकांना सोमवार ते शुक्रवार दुपारचं गरम जेवण. शुक्रवारी त्यासोबतच शनिवार-रविवारचे दोन फ्रोझन डबे. पोचवणारे जवळजवळ सगळे व्हॉलंटियर, बरेचसे स्वतःच रिटायर्ड, गाडी स्वतःची. कल्पना जुनीच आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसच्या बायका घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना जेवण नेऊन द्यायला लागल्या, १९५४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात तसंच काम सुरू झालं, आणि तेव्हापासून साचा फारसा बदललेला नाही, एक किचन, काही गाड्या आणि दारात उभा राहणारा एक माणूस. बदललाय तो हिशोब. आता सगळं ॲपवर, किती डबे निघाले, किती पोचले, किती परत आले. आमचा पोचल्याचा आकडा जवळपास शंभर टक्के असतो, फंडरला, म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्यांना, दाखवायला एकदम झकास.

घर

आजी ८३ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, घरातल्या घरात वॉकरवर फिरतात, जिना उतरणं बंद. टाइप टू डायबेटिस, सोबत बीपी. नोंदणी वयाच्या निकषावर झाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे डायबेटिक डबा लावला.

घरात त्यांच्यासोबत मुलगा. फॉर्मवर 'घरात आणखी कोण' ह्या रकान्यात 'मुलगा' एवढाच शब्द, आणि वाचणाऱ्याने धरून चाललं की मुलगा आहे म्हणजे आजींना आधार आहे. प्रत्यक्षात उलटं होतं. ह्या मुलाला, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, पन्नाशी उलटलेली, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असतात, बोलणं अस्पष्ट पण समजतं सगळं, हातांवर ताबा नसल्यामुळे भरवावं लागतं. म्हणजे ८३ वर्षांची बाई वॉकर धरून ५० वर्षांच्या माणसाची केअरगिव्हर. नोंदणी झाली तेव्हा दादांसाठी दुपारी एक मदतनीस यायची, त्यांचं जेवण करायची, भरवायची, त्यामुळे प्रश्नच आला नाही. पुढे मदतनिसाचे तास कापले गेले, ती फक्त सकाळी आंघोळ-कपड्यांपुरती यायला लागली, आणि दुपारी दादांनी काय खायचं हा प्रश्न आजींनी आपल्या आपण सोडवून टाकला. कसा, ते पुढे येईल.

खुणा होत्या, वाचणारं कुणी नव्हतं

ह्या रूटवर आधी एकच ड्रायव्हर काका होते, बरेच महिने. ते डबा आत टेबलावर नेऊन ठेवायचे, दोन मिनिटं टेकायचे, दादांशी क्रिकेटच्या स्कोअरवरून बोलायचे. मग रूट बदलले. का बदलले ते सांगायला हवं कारण त्यात कुणाची कामचुकारी नव्हती. गरम जेवण खाणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत गरमच राहायला लागतं, नेमकी मर्यादा देशागणिक थोडी वेगळी आहे, अमेरिकेत ५७ अंश सेल्सिअस, ब्रिटनमध्ये ६३, बऱ्याच ठिकाणी ६०, पण त्याच्या खाली आणि फ्रिजच्या तापमानाच्या वर असा जो मधला पट्टा आहे त्यात जिवाणू भराभर वाढतात आणि ८० वर्षांच्या डायबेटिक माणसाला साधं फूड पॉयझनिंगसुद्धा हॉस्पिटलात नेऊ शकतं. आम्ही प्रत्येक रूटवर एक जास्तीचा डबा टाकतो आणि शेवटचं घर झाल्यावर तो उघडून थर्मामीटर लावतो. काकांच्या रूटवर तो डबा ५४ वर आला, एकदा नाही, परत परत. कारण उघड होतं, काका गप्पा मारत होते.

मग रूटचे दोन तुकडे केले, थांबायचा वेळ आवळला, काकांना दुसरीकडे दिलं आणि ह्या घरांना आठवड्याच्या वाराप्रमाणे वेगवेगळे व्हॉलंटियर लावले. थर्मामीटर सुधारला. फूड सेफ्टीच्या बाजूने बघाल तर निर्णय शंभर टक्के बरोबर, मी आजही तो परत तसाच घेईन, फक्त त्यासोबत काकांच्या डोळ्यांची काहीतरी भरपाई करायला हवी होती आणि ती कुणाच्या डोक्यातच आली नाही, कारण काका डबा पोचवतात असं आमच्याकडे लिहिलेलं होतं, काका बघतात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नंतर ॲपमधल्या कॉमेंट एकत्र काढल्या तेव्हा हे सापडलं, पाच वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या आठवड्यांत टाकलेलं: 'आजींनी दोन चमचे मागितले.' 'भाजी जरा पातळ मिळेल का विचारत होत्या.' 'आतून खूप खोकल्याचा आवाज, मुलाला सर्दी झाली असावी.' 'आजी बारीक वाटल्या, अंगठीला दोरा गुंडाळलाय.' आणि एक कौतुकाची, 'डबा नेहमी लख्ख धुवून परत, सगळ्यांनी असं करायला पाहिजे.' एकेकटी कॉमेंट घेतली तर काहीच नाही. पाचही एकाखाली एक ठेवल्या तर अख्खी केस तिथेच आहे. पण डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो तो फक्त 'दिला नाही' ला, कॉमेंट कुणाच्या टेबलावर येतच नाहीत.

त्यातल्या त्यात रिकाम्या डब्यावर थोडं थांबते. आपल्याकडे रिकामा डबा म्हणजे खाल्लं असं एक समीकरण पक्कं बसलंय, अर्धा भरून परत आला तर चौकशी होते, मेन्यू आवडत नाही का, तब्येत बरी नाही का, दात दुखतायत का. रिकाम्याची चौकशी कोण करणार? पण अन्न डब्यातून गेलं एवढंच रिकामा डबा सांगतो, कुणाच्या पोटात गेलं ते नाही. अमेरिकेतल्या काही संस्थांना हे फार वेगळ्या वाटेने कळलं, लोक आपल्या जेवणातलं कुत्र्या-मांजराला घालतायत हे लक्षात आल्यावर त्यांनी प्राण्यांचं खाणंसुद्धा वेगळं पोचवायला सुरुवात केली. कारण घरात जे जे भुकेलं असतं ते सगळं त्या एका डब्याकडे बघत असतं आणि घरातली म्हातारी बाई स्वतःला शेवटी वाढते, हे सांगायला रिसर्च लागत नाही.

दार उघडलं नाही तो दिवस

बुधवारी साडेबाराला व्हॉलंटियर ताईंनी बेल वाजवली, उत्तर नाही. आमचा नियम साधा आहे, दाराबाहेर डबा ठेवून जायचं नाही, काहीही झालं तरी. परत बेल, मग दारावर थाप आणि मोठ्याने हाक, मग फोन. फोन आत वाजताना ऐकू येत होता. तेवढ्यात दादांचा आवाज आला, शब्द कळत नव्हते पण हाक मारताहेत एवढं कळत होतं. ताईंनी ऑफिसला फोन केला, मी फॉर्मवरच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला, त्यांच्याकडे किल्ली होती, ती फॉर्मवर नोंदवलेली होती हे नशीब.

आजी स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेल्या, पाठ भिंतीला, घामाने ब्लाउज भिजलेला, हात थरथरत होते, ताईंकडे बघून त्या भलत्याच कुणाच्या तरी नावाने बोलायला लागल्या. वॉकर आडवा पडलेला. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं ताईंना आठवलं, माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच साखर तोंडाने द्यायची, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत बघायचं, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. आजी गिळू शकत होत्या. साखरेचं पाणी दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली तेव्हा आजी बऱ्यापैकी ताळ्यावर होत्या आणि "मला काही झालं नाहीये, ह्याला एकटं टाकून मी कुठे जात नाही" म्हणून हट्टाला पेटल्या होत्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मोजलेली शुगर ५२ होती, साखरेचं पाणी पोटात गेल्यानंतरची. ७० च्या खाली गेली की लो धरतात.

ताईंनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली, "आता बरं वाटतंय ना मग राहू दे" ह्याला बधल्या नाहीत. आजी ज्या गोळीवर होत्या ती सल्फोनिलयुरिया गटातली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही, आणि वयामुळे किडनी मंदावली असेल तर औषध शरीरात रेंगाळतं, त्यामुळे साखर देऊन शुगर वर आली तरी काही तासांनी परत कोसळू शकते. म्हणून हॉस्पिटलात नजरेखाली ठेवावं लागतं. वृद्धांसाठी धोकादायक औषधांची जी बिअर्स यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी काढते, तिच्या २०२३ च्या आवृत्तीत हा गटच्या गट शक्यतो टाळा म्हणून सांगितलाय. शेजारच्या काकू दादांपाशी बसल्या, तेव्हा कुठे आजी स्ट्रेचरवर चढल्या.

हॉस्पिटलात काय निघालं

पहिल्या दिवशी डाएटिशियनने विचारलं, दुपारी काय जेवता, आजी म्हणाल्या डबा येतो, सगळा संपतो. हे खोटं नव्हतंच. वजन ४७ किलो भरलं, पाच महिन्यांपूर्वीच्या कागदावर ५२ होतं. म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर घट, न ठरवता. कुपोषणाचा धोका मोजायला ब्रिटनमध्ये २००३ पासून मस्ट नावाची पद्धत वापरतात, त्यात तीन ते सहा महिन्यांत ५ ते १० टक्के घट झाली की एक गुण, १० च्या वर दोन. उंचीसाठी आजींना सरळ उभं करणं शक्य नव्हतं, कणा वाकलेला, अशा वेळी कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून उंचीचा अंदाज काढतात, त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २० च्या जरा वर आला, त्याचा शून्य गुण. एकूण एक, मध्यम धोका, आणि मध्यम धोक्याला पद्धत सांगते की तीन दिवस माणूस खरोखर काय खातो ते लिहून काढा.

हॉस्पिटलातल्या तीन दिवसांत आजी ताट जवळपास चाटूनपुसून खात होत्या. म्हणजे भूक मेलेली नाही, दात ठीक, गिळण्याचा त्रास नाही. मग घरी काय बिघडतंय? डॉक्टर, नर्स, डाएटिशियन सगळे आजींबद्दलच विचारत होते. सोशल वर्कर आली ती दादांबद्दल विचारायला, तुम्ही इथे आहात तर त्यांना कोण बघतंय, दुपारी काय खातात ते.

"आता शेजारीण बघतेय. एरवी माझ्याच डब्यातलं की, दुसरं काय."

एवढ्या एका वाक्यात उलगडा झाला. डबा आला की आजी ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, वॉकर बाजूला, सगळं एकत्र कालवून वरून पाणी घालून कुस्करायच्या, दादांना भरवायच्या, पाऊण डबा तिथे संपायचा, उरलेलं चमच्याने खरवडून स्वतः खायच्या आणि डबा धुवून ठेवायच्या. गोळी मात्र वेळच्या वेळी, कारण डॉक्टरांनी सांगितलंय जेवणाआधी घ्या. ५०० कॅलरीचा डायबेटिक डबा, त्यातल्या सव्वाशे त्यांच्या वाट्याला. प्रोटीनचं तर बोलायलाच नको, वयस्कर माणसाला स्नायू टिकवायला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे आजींना ४७ ते ५६ ग्रॅम, डब्यातल्या बावीसपैकी पोटात जात होतं पाच-सहा. सकाळी चहा आणि काहीतरी किरकोळ, रात्री दूध. शुक्रवारचे फ्रोझन डबे रात्रभर बाहेर ठेवून वितळवायच्या, कारण मायक्रोवेव्ह फळीवर, वॉकर सोडून दोन्ही हात वर करणं त्यांना जमत नाही. फूड सेफ्टीसाठी आम्ही रूटचे तुकडे केले आणि तोच डबा घरात रात्रभर ओट्यावर.

सांगितलं का नाही? विचारल्यावर आजींनी दोन कारणं दिली. एक, डबा माझ्या नावावर आहे, दुसऱ्याला देते कळलं तर बंद कराल. दुसरं त्यांनी दादा झोपल्यावर हळू आवाजात सांगितलं, मला झेपत नाही असं एकदा कागदावर आलं की ह्याला उचलून कुठल्यातरी संस्थेत नेऊन टाकतील. ही भीती काल्पनिक म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, आम्ही घरात जाणारी माणसं आहोत आणि आमच्या हातात फॉर्म असतो, लोकांच्या नजरेत आम्ही तपासणीवालेच.

दुसऱ्या डब्यावरून झालेली भांडाभांडी

आता सोपं उत्तर, दादांचा वेगळा डबा सुरू करा. मीटिंगमध्ये ह्याच्यावर तास गेला. खजिनदारांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आमची मुख्य ग्रँट साठीच्या वरच्यांसाठी, दादा त्यात बसत नाहीत. शिवाय वेटिंग लिस्ट आहे, तिच्यावर एकटी राहणारी माणसं आहेत ज्यांना अर्धा डबासुद्धा मिळत नाही, एका घरात दोन द्यायचे म्हणजे त्यांच्यातल्या कुणालातरी अजून थांबवायचं.

दुसऱ्या बाजूने असं म्हणणं होतं की आपण आत्ता एका माणसाचा डबा देऊन दोन माणसांना उपाशी ठेवतोय आणि वर एक यशस्वी डिलिव्हरी म्हणून मोजतोय. हॉस्पिटलचे चार दिवस कुणाच्या ना कुणाच्या खिशातून गेलेच. आणि हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा पडलेला नाही. अमेरिकेचा ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट १९६५ चा, त्यातला जेवणाचा कार्यक्रम १९७२ पासूनचा, तिथे वृद्ध व्यक्तीच्या जोडीदाराला, वय कमी असलं तरी, आणि तिच्यासोबत घरात राहणाऱ्या अपंग व्यक्तीलाही जेवण देण्याची सोय कायद्यातच आहे. म्हणजे कुणीतरी खूप आधी हे जाणलं होतं की डबा घरात जातो आणि घरात वाटला जातो.

मधला मार्ग म्हणून कुणीतरी सुचवलं की दोघांना आठवड्याचे फ्रोझन डबे एकदम देऊन टाकू, गाडीचा खर्च वाचेल त्यात दुसरा डबा बसेल. हिशोबाने बसतही होता. पण दार रोज उघडलं जातं म्हणूनच आजी त्या बुधवारी सापडल्या. ब्राउन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा २०१५ मध्ये आलेला एक अभ्यास ह्याच प्रश्नावर आहे, वेटिंग लिस्टवरच्या ६२६ वृद्धांचे तीन गट केले, एकाला रोज गरम जेवण, एकाला आठवड्यातून एकदा फ्रोझन, एक वेटिंगवरच, आणि तब्येत, एकटेपणा ह्यांत सर्वात जास्त फरक रोजवाल्यांमध्ये दिसला. आजींच्या घरात तर मायक्रोवेव्हपर्यंत हातच पोचत नाही. तो प्रस्ताव तिथेच पडला.

शेवटी ठरलं ते असं की दादांची फाइल त्यांच्या स्वतःच्या नावाने, अपंगत्वाच्या निकषावर उघडायची, आजींच्या फाइलला जोडपत्र म्हणून नाही, आणि खर्च ग्रँटमधून न टाकता लोकांच्या खुल्या देणग्यांमधून. वेटिंगमधलं कुणी मागे सरकलं नाही. खजिनदारांनी मान्य केलं पण एक अट घातली आणि ती अट मला सगळ्यात जास्त पटली: मग सगळ्या घरांना विचारा, एकाच घराचे लाड नकोत. फोन केले. प्रश्न एकच, दुपारी घरात जेवायला कोण कोण असतं आणि त्यांचं जेवण कुठून येतं. एका घरात डबा नवऱ्याच्या नावावर आणि बायको अजून साठीची झाली नाही म्हणून बसत नाही, दोघं अर्धा अर्धा. एका ठिकाणी शाळेतून आलेला नातू. आणि एका ठिकाणी खरंच मांजर.

दादांचा डबा

पहिल्यांदा किचनला वाटलं तोच डबा मिक्सरमधून काढला की झालं. इथे स्पीच थेरपिस्ट आली ते बरं झालं, बोलण्यासोबत गिळणंही त्याच तपासतात. तिने दादांना बसवून, भरवून बघितलं आणि व्हॉलंटियरला जी सर्दी वाटली होती ती सर्दी नव्हतीच हे सांगितलं, जेवताना येणारा खोकला म्हणजे अन्नाचे कण श्वासनलिकेकडे जातायत, असं चालू राहिलं तर न्यूमोनियाचा धोका. त्यात आजींची पद्धत, पाण्यात कुस्करलेले गोळे, सगळ्यात वाईट, कारण पाणी झपकन पुढे पळतं आणि गोळा मागे राहतो, ज्याला गिळणं सांभाळता येत नाही त्याला एकाच घासात दोन वेगवेगळ्या वेगाच्या वस्तू झेपत नाहीत.

अन्न किती मऊ, किती घट्ट ह्यासाठी इडसी नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, शून्य ते सात पायऱ्यांची. दादांना पाचवी पायरी सांगितली, बारीक आणि ओलसर, मोठ्या माणसासाठी कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. मोजायला यंत्र लागत नाही, साध्या काट्याच्या दोन दातांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, घास काट्यावर घ्यायचा, दाबायचा, कण सहज फुटले पाहिजेत आणि बाजूने पाणी सुटता कामा नये. चमचा तिरका केला की घास आकार न मोडता घसरून पडला पाहिजे. किचनमधल्या मावशी पहिले काही दिवस वैतागल्या, मग त्यांनीच शोधून काढलं की पाणी घालून मऊ केलं तर चव आणि ताकद दोन्ही जाते, म्हणून दूध पावडर, तेल, घट्ट रस्सा घालायचा. दुसरी अडचण गरम ठेवण्याची, बारीक केलेलं जेवण लवकर निवतं, आणि जास्त वेळ गरम ठेवलं की वर कडक साय धरते, ती साय म्हणजे परत गिळताना अडकणारा तुकडा. शेवटी दादांचा डबा सगळ्यात शेवटी भरायचा आणि ते घर रूटवर पहिलं घ्यायचं ठरलं.

आणि एवढं सगळं करून दादांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. दोन दिवस काही खाईनात. आजी परत पाणी घालून जुन्या पद्धतीवर यायच्या बेतात. तेव्हा एका व्हॉलंटियरने, तो पोरगा विशीतला आहे, दादांनाच विचारलं. त्यांच्याकडे अक्षरांचा बोर्ड आहे, नजरेने दाखवतात, वेळ लागतो. त्यांनी दाखवलं, 'सगळं एक.' म्हणजे सगळं एकाच रंगाचा लगदा करून देताय. पन्नाशीच्या माणसाला रोज तेच करडं काहीतरी चमच्याने भरवायचं, मी तरी खाल्लं असतं का? आता तीन कप्प्यांचा डबा जातो, प्रत्येक पदार्थ वेगळा बारीक केलेला, मेन्यूची चिठ्ठी दादांना आधी वाचून दाखवायची. खायला लागले. दोन डबे एकाच घरात म्हणजे अदलाबदलीचा धोका, म्हणून दादांच्या झाकणाला वेगळा रंग आणि देताना नाव मोठ्याने घ्यायचं, "हा दादांचा, हा आजींचा." भरवताना पाठ सरळ, हनुवटी जरा खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे थेरपिस्टने आजींना आणि शेजारच्या काकूंना दोघींना करून दाखवलं.

तीन महिन्यांनंतर

आजींची गोळी डॉक्टरांनी बदलली, शुगर लो न करणारी दिली. एचबीए१सीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीचं, टार्गेटही सैल केलं, ८ टक्क्यांच्या आत असलं तरी पुरे, ह्या वयात आणि ह्या तब्येतीत कडक कंट्रोलपेक्षा पडणं आणि बेशुद्ध होणं जास्त महाग पडतं. मला स्वतःला सगळ्यात पटलेला बदल म्हणजे डायबेटिक डबा बंद झाला. पाच किलो वजन गमावलेल्या माणसाला कॅलरी कापलेला डबा देण्यात काय अर्थ होता, तो चिठ्ठीवर लिहिलेला होता म्हणून चालू होता एवढंच. आता साधा डबा, प्रोटीन वाढवून. वजन ४९.२. अंगठीचा दोरा अजून आहे.

खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर मायक्रोवेव्ह आणून ठेवला, बटणावर जाड लाल स्टिकर, एकदा दाबायचं. ड्रायव्हर काका आठवड्यातून एकदा त्या घरी जातात, डबा न घेता. गरम डब्याची घाई नाही, स्कोअरवर पाहिजे तेवढं बोला. बाकी घरांनाही हळूहळू असं करायचा विचार आहे, त्यासाठी ज्यांना गाडी चालवता येत नाही असे व्हॉलंटियर लागतील आणि असे लोक आपल्याकडे नावं देतात पण आपण त्यांना पॅकिंगला बसवतो. ॲपच्या कॉमेंट आता दर शुक्रवारी घराप्रमाणे लावून एक जण वाचते, अर्धा तास जातो.

न सुटलेलं बरंच आहे. मदतनिसाचे तास परत वाढवायचा अर्ज केलाय, उत्तर नाही. वीकेंडला दादांचा फ्रोझन डबा वितळल्यावर पाणी सोडतो आणि पाचव्या पायरीचा राहत नाही, किचन घट्ट करणाऱ्या पावडरीचे प्रयोग करतंय, तोवर शनिवार-रविवार काकू बघतात, त्याही सत्तरीच्या आहेत. आजी परत ॲडमिट झाल्या तर दादांना कोण, कुठे, किती दिवस, ह्याचा कागद दादांना विचारून, त्यांच्या पसंतीने केलाय, दोन नावं टाकायची आहेत, एकच मिळालं. देणग्यांमधून चालणारे जास्तीचे डबे मार्चपर्यंत पुरतील. फंडरच्या रिपोर्टात 'पोचलेले डबे'च्या शेजारी 'घरात जेवणारी माणसं' असा नवा रकाना घालून आम्ही पाठवलाय, त्यांच्याकडून विचारणा आली की हा रकाना त्यांच्या फॉरमॅटमध्ये नाही, काढून परत पाठवाल का. खजिनदार म्हणाले, नाही काढत, आणि तसाच परत पाठवला.